समोरून गेलेला ट्रक

ऑफिसात चहाच्या वेळी शेअर बाजाराचा विषय निघाला की प्रत्येकाकडे एक ‘घ्यायला हवा होता यार’ असतो. कुणाचा इन्फोसिस, कुणाचा एमआरएफ, कुणाचा टायटन. माझा जरा जास्तच झोंबणारा आहे, कारण तो आमच्या घरासमोरच्या रस्त्यावरून रोज जायचा. ट्रकमध्ये बसून.

माझं गाव आलापल्ली, जिल्हा गडचिरोली. पुण्यात हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘नक्षलवादी दिसतात का रे?’ आणि दुसरा, ‘सागवान स्वस्तात मिळेल का?’ तर, आमच्या शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. पोटात लोखंडच लोखंड. तिथल्या खाणीची लीज लॉईड्स मेटल्स या कंपनीला २००७ साली मिळाली. पण डिसेंबर २०१६मध्ये नक्षलवाद्यांनी तिथे डझनावारी वाहनं जाळली आणि खऱ्या अर्थाने काम सुरू झालं ते २०२१मध्ये. मग आलापल्लीवरून लाल मातीचे ट्रक सुरू झाले. २०२०मध्ये वीस रुपयांच्याही आत असलेला हा शेअर २०२४च्या शेवटी हजारावर गेला होता.

आता तुम्हीच हिशेब करा. वीस हजार रुपयांचे एक हजार शेअर्स. चार वर्षांत दहा लाख. मी त्या काळात काय घेतलं? ईएमआयवर फोन.

१ जानेवारी २०२५ला कोनसरीला कंपनीच्या कामगारांना शेअर्स दिले गेले, खुद्द मुख्यमंत्री फडणवीस हजर होते. शेअर मिळालेल्यांत माझा एक चुलतभाऊही होता. ज्या पोराला मी डीमॅट म्हणजे काय ते फोनवर समजावलं होतं, तो आता मला रोज सकाळी भाव सांगायला लागला. “दादा, आज पुन्हा वर आहे!” मी आनंदाने ‘अरे वा’ म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर पंधरा मिनिटं कुणाशी बोलायचो नाही.

त्या उन्हाळ्यात मी गावी गेलो ते एक बेत घेऊनच. फ्लॅटच्या बुकिंगसाठी चार वर्षं पै-पै करून साडेचार लाख जमवले होते. ते सगळे या एकाच शेअरमध्ये टाकायचे. पाच वर्षं हात लावायचा नाही. आपल्या मातीतली कंपनी आहे, आपण ट्रक मोजू शकतो, अजून काय रिसर्च पाहिजे?

रात्री अंगणात खाटेवर बसून हे सगळं बाबांना सांगितलं. बाबा वनखात्यातून वनपाल म्हणून रिटायर झालेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “बांबूचे ट्रक आठवतेत का तुले?”

आठवत होते ना! माझ्या लहानपणी याच रस्त्याने बांबू जायचा, बल्लारपूरच्या पेपर मिलला. अख्खं बालपण बाबांचं एक वाक्य ऐकत गेलं: “तवाच मिलचे शेअर घेऊन ठेवले असते तर आज बंगला असता.” आई त्यावर दर वेळी म्हणायची, “घेतले काहून नाही मग?” आणि बाबा गप्प. कारण पगार पुरत नव्हता, एवढंच.

आणि बाबांचं काही चुकत होतं असंही नाही. बल्लारपूर इंडस्ट्रीज १९४५ सालची कंपनी. १९८६मध्ये सेन्सेक्स सुरू झाला तेव्हा त्यातल्या पहिल्या तीस कंपन्यांत तिचं नाव होतं. बोले तो, एकदम ब्लू चिप. देशभरातली पोरं वह्या लिहिणार, ऑफिसं फायली भरणार, आणि जंगल आमचं. याहून सेफ काय असू शकतं?

पण कंपनीवर कर्जाचा डोंगर झाला. जानेवारी २०२०मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२३मध्ये नव्या मालकाचा प्रस्ताव मंजूर झाला. अशा वेळी रांगेत आधी बँका असतात, सर्वांत शेवटी शेअरवाले. त्यांच्यापर्यंत काहीही पोहोचलं नाही. म्हणजे बाबांनी घेतले असते आणि ‘लाँग टर्म’ म्हणून इमानदारीने सांभाळले असते, तर हातात शून्य उरलं असतं. गिरणी आणि शेअर या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे मला त्या खाटेवर कळलं. गिरणीतून कागद निघत असतो, ट्रक जात असतात आणि शेअरचा पार कागद झालेला असतो.

मी अर्थात अमळनेर काढलं. आपल्या सगळ्यांचा आवडता हुकमी एक्का! जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी तिथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला, त्याचीच पुढे विप्रो झाली. गावातल्या कित्येकांनी तेव्हा शेअर्स घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या ठेवले. १९८०मध्ये ज्याच्याकडे शंभर शेअर्स होते, त्याचे बोनस आणि स्प्लिट धरून २०१०पर्यंत ९६ लाख झाले. २०२४च्या बोनसनंतर पाच कोटी बारा लाख. वर एक पैसाही न घालता.

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “पण मधात किती पडला होता?”

मी मोबाइलवर बघितलं. फेब्रुवारी २०००मध्ये विप्रो शिखरावर होता. सप्टेंबर २००१पर्यंत त्याची ऐंशी टक्क्यांहून जास्त किंमत उडाली होती. एक कोटीचे वीस लाखही नाहीत. माझा शेअर पाच टक्के पडला तरी मी मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन बघतो. अमळनेरच्या माणसाने तेव्हा काय केलं असेल?

मग बाबांनी त्यांच्या खात्याची गोष्ट सांगितली. सागाचं रोपवन लावतात तेव्हा दोन-दोन मीटरवर लावलं तर एका हेक्टरला अडीच हजार रोपं बसतात. मग काही वर्षांच्या अंतराने विरळणी होते. वाकडी, खुरटी, रोगट झाडं काढायची, उरलेल्यांना उजेड द्यायचा. साठ-ऐंशी वर्षांनी तोडणी येते तेव्हा त्या अडीच हजारांतली मोजकीच शिल्लक असतात. आमच्याकडे ‘वनवैभव’ आहे, २०१४मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झालेलं. तिथे मान दुखेपर्यंत वर बघावं असे साग आहेत. टुरिस्ट येतात, फोटो काढतात.

“फोटोत उभं झाड येते गा,” बाबा म्हणाले. “विरळणीत गेलेलं कोन पाह्यते? आन् रोप असताना कोनतं टिकन, हे मले तीस वर्षांच्या नोकरीत सांगता नाही आलं. म्हनून एक रोप लावून कोनी घरी जात नाही.”

अमळनेर म्हणजे फोटोतलं झाड. बल्लारपूर विरळणीत गेलेलं. दोन्ही कंपन्या १९४५च्या, दोन्हींचे शेअरवाले तितकेच सबुरीचे. आणि सुरजागड? ते अजून वाढतंय. कुठवर वाढेल, हे ट्रक मोजून कळत नाही. लोखंडाचा भाव चौकातून दिसत नाही, कंपनीचं कर्ज दिसत नाही, आणि मी आज देणार असलेल्या किमतीत पुढची किती वर्षं आधीच धरलेली आहेत तेही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ आला. “दादा, ठेवू का विकू?” मी त्याला एकच विचारलं, पगार कुठून येतो? तिथूनच. शेअर कुठले? तिथलेच. उद्या काही झालं तर दोन्ही एकदम. आयटीतल्या माझ्या ईएसओपीवाल्या मित्रांनाही हा प्रश्न सुचत नाही, त्याला मात्र लगेच कळला. म्हणाला, मोकळेपणी विकता येतील तेव्हा अर्ध्यातून घराला स्लॅब टाकीन, अर्धे ठेवीन. मला हे उत्तर एकदम पटलं.

माझे साडेचार लाख? चार लाख आहेत तिथेच आहेत, फ्लॅटसाठी. पंचवीस हजारांचा एक इंडेक्स फंड घेतला, म्हणजे एकदम बरीच रोपं. आणि उरलेल्या पंचवीस हजारांचे, हो, लॉईड्सचेच घेतले. गावची कंपनी आहे, एवढं तर चालतं ना बॉस!

निघताना स्टँडवर बाबा सोडायला आले होते. समोरून एक ट्रक धूळ उडवत गेला. मी सवयीने त्याच्याकडे बघत राहिलो.

“बस पाह्य,” बाबा म्हणाले, “थे सुटन.”