दाढी घेऊन मुंबईला

सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये टीसीने माझं आधार कार्ड दोनदा पाहिलं. कार्डावर गुळगुळीत गालांचा एक मास्तर होता आणि बर्थवर पाच आठवड्यांची करडी दाढी घेऊन एक माणूस बसला होता. "तुम्हीच ना, चाचा?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. पण कार्डाच्या तपासणीपेक्षा त्या "चाचा"नेच मी जास्त दचकलो. वय सत्तेचाळीस. तोवर मला कुणी सर म्हणत होतं, कुणी भाऊ. समोरच्या बर्थवरच्या पाच-सहा वर्षांच्या मुलीने तर पुढची मजल मारली. तिचा चेंडू माझ्या पायाशी घरंगळला तेव्हा ती आईला म्हणाली, "त्या आजोबांकडे गेला."

एखाद्याने दाढी ठेवली की लोक समजतात, हा इज्तेमाला जाऊन आला असेल, किंवा घरात काही दुःख घडलं असेल. आपल्या वाचकांपासून काय लपवायचं? माझी सुरुवात पुरळापासून झाली. पंचवीस वर्षं रोज सकाळी शाळेला निघण्याआधी गालावर ब्लेड फिरवायची सवय. मार्चमध्ये हनुवटीखाली फोड यायला लागले. कापलेले केस कातडीत उलटे वळून रुतत होते. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर ब्लेड बंद. नीयत नंतर आली, तीही लंगडत.

पहिले तीन आठवडे खाजेचे गेले. तिरक्या कापलेल्या केसांची टोकं वाढताना कातडीला टोचतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण वर्गात फळ्याकडे तोंड करून मान खाजवणारा शिक्षक मुलांच्या नजरेतून सुटत नाही. परीक्षा आल्या, सुटी लागली, महिना संपला, फोड बरे झाले. मग खरा प्रश्न उभा राहिला. ठेवायची की काढायची?

आमची शाळा मराठी माध्यमाची. शिक्षकांच्या खोलीत मुसलमान मी एकटाच. सहकारी चांगले आहेत, डब्यातलं एकमेकांचं खातो. तरी निकालाच्या दिवशी एकजण म्हणालाच, "काय सर, एकदम मौलाना?" सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन मात्र ते हसू आठवत राहिलो. शिक्षकाच्या आड कुठलाही नियम येत नाही. हवाई दलातल्या एका जवानाचं दाढीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली त्याच्या विरोधात निकाली काढलं, पण तिथे गणवेशाची शिस्त होती. माझ्यापुढे नुसत्या नजरा होत्या, आणि नजरांविरुद्ध अपील कुठे करणार? पत्नीने मात्र स्पष्ट सांगितलं, "एकतर नीट ठेवा, नाहीतर काढून टाका. हे असं अर्धवट नको." मग म्हणाली, "मामूंकडे जाऊन या."

मामू डोंगरीत राहतात. १९७० च्या आसपास सोलापूरहून मुंबईला गिरणीत गेले, १९८२ च्या संपात गिरणी सुटली, मग उरलेली नोकरी मस्जिद बंदरच्या एका कापडाच्या दुकानात केली. आता पंचाहत्तरीला टेकलेत. त्यांची पांढरीशुभ्र, चापून बसवल्यासारखी दाढी आमच्या सगळ्या खानदानात नावाजलेली. लग्नात फोटोवाला त्यांना हटकून पुढे उभं करतो.

गाडी सकाळी सातच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचली. सामान थोडंच होतं, म्हणून चालत निघालो. उजवीकडे हज हाऊसची उंच इमारत ठेवून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत दहा-बारा मिनिटं लागतात. १८६९ साली बांधून झालेल्या या बाजाराचं नाव आता महात्मा ज्योतिबा फुले मंडई, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहा. तिथून पुढे मुहम्मद अली रोड सुरू होतो आणि डोक्यावर जे. जे. उड्डाणपूल येतो. अडीच किलोमीटरच्या आसपास लांबीचा हा पूल २००२ मध्ये सुरू झाला. वरून गाड्या सुसाट जातात, त्यातल्यांना खाली काय आहे ते कळतही नाही. खाली मात्र सकाळी साडेसातला पाव-खिमा, मलईचे पेढे, तस्बीह, टोप्या, सुरमा, सगळं जागं होत असतं. रमजानमध्ये मिनारा मस्जिदीजवळ पाय ठेवायला जागा नसते. मे महिन्यात तोच रस्ता झोपेतून उठलेल्या माणसासारखा दिसतो.

इथे मला पहिल्यांदा एक गोष्ट जाणवली. गाडीत माझ्याकडे बघणारे होते, स्टेशनवर सामान तपासणाऱ्या पोलिसाने मलाच थांबवलं होतं. या रस्त्यावर माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं. काळ्या दाढ्या, पांढऱ्या, मेंदीने तांबूस केलेल्या, नाभीपर्यंत पोहोचलेल्या, नुकत्याच फुटलेल्या. त्या गर्दीत माझी दाढी म्हणजे सोलापुरात चादर. मोकळं वाटलं. आणि खरं सांगतो, थोडं वाईटही वाटलं, की मोकळं वाटायला साडेचारशे किलोमीटर यावं लागलं.

मामूंनी दार उघडलं, सलाम घेतला आणि माझी हनुवटी दोन बोटांनी धरून उजेडाकडे वळवली. "अरे, ये दाढी है या शेताचा बांध?" मामूंची बोली अशीच, अर्धी मुंबईची, अर्धी सोलापूरची. मामींनी चहा टाकला. मामू वुजूसाठी गेले तेव्हा मी मामींना सहज म्हणालो, "मामूंना बरं आहे, पहिल्यापासूनच दाढी आहे."

मामी गॅसकडे बघत म्हणाल्या, "पहिल्यापासून कुठे?"

मग त्यांनी सांगितलं ते मी सत्तेचाळीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. जानेवारी १९९३. मुंबई पेटलेली. आठवडाभर मामू घरात होते, दुकानाच्या शेठने बोलावलं नाही. मग थोडं शांत झालं, पण घरात पैसे उरले नव्हते आणि वसुलीसाठी घाटकोपरला जायचं होतं, लोकलने. मामू तेव्हा बेचाळीसचे, काळीभोर दाढी. "त्या रात्री ब्लेड मीच आणून दिलं," मामी म्हणाल्या. "इथेच, मोरीत बसून काढली. गरम पाणी दिलं होतं, ते तसंच राहिलं. मुलं झोपली होती. सकाळी धाकटी उठली आणि त्यांना बघून रडायला लागली." त्यानंतर वीस वर्षं मामूंनी रोज दाढी केली. मामींनी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. बासष्टाव्या वर्षी दुकान सोडलं आणि त्याच आठवड्यात ब्लेड बंद केलं. "काळी गेली होती," मामी म्हणाल्या, "पांढरी परत आली."

मामू बाहेर आले तेव्हा त्यांच्या दाढीतून पाणी ठिबकत होतं. आम्ही दोघांनी विषय बदलला.

दहाच्या सुमाराला मामू मला त्यांच्या न्हाव्याकडे घेऊन गेले. डोंगरीच्या एका बोळात तीन खुर्च्यांचं दुकान. कारागीर मूळचे उत्तर प्रदेशचे, साठीतले, मामू त्यांना उस्ताद म्हणतात. मी खुर्चीत बसलो आणि सवयीने म्हणालो, "मशीन मारा, दोन नंबर." उस्तादांनी मशीनकडे हातसुद्धा नेला नाही.

"मास्टरसाहब, ही विशीतली दाढी नाही," ते म्हणाले. त्यांनी जे समजावलं ते इथे लिहितो, माझ्या वयाच्या भावांना उपयोगी पडेल. उतारवयात केस पांढरे होतात तसे राठही होतात, कातडीतलं तेल कमी होतं. काळा केस खाली पडून राहतो, पांढरा वळतो आणि उभा राहतो. मशीन फिरवलं तर सगळे एका उंचीचे होतात आणि दाढी ब्रशसारखी दिसते. म्हणून आधी कंगवा वरून खाली, मग खालून वर उलटा, आणि कंगव्याच्या वर जे उभं राहतं तेवढंच कात्रीने. गालावरचा खत खोल घ्यायचा नाही. तरुणांना धारदार रेघ शोभते, पण चाळिशीनंतर गाल बसायला लागतात, तिथे रेघ खाली नेली की माणूस आजारी दिसतो. बाजू भरलेल्या ठेवायच्या. मानेवर मात्र हयगय नको. कंठमण्याच्या दोन बोटं वर हद्द आखून त्याखालचं साफ. आणि लबं, म्हणजे ओठावर येणारे मिशीचे केस, दर आठवड्याला.

मी विचारलं, लांबी किती? उस्तादांनी मामूंकडे बघितलं, मामूंनी आपली दाढी मुठीत धरून दाखवली. हजरत इब्ने उमर (रजि.) हज किंवा उमऱ्याच्या वेळी दाढी मुठीत धरून मुठीबाहेरचे केस कापत, असं बुखारी शरीफमध्ये आलं आहे. लांबीच्या मसल्यावर उलेमांचे वेगवेगळे मत आहेत, त्यात मी पडत नाही. माझी तर बोटाच्या पेराएवढीही नव्हती. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, मुठीपर्यंत पोहोचायला पावसाळा, हिवाळा, उन्हाळा सगळं जाईल. उस्ताद म्हणाले, "तोवर मुठीचं नका बघू, कंगव्याचं बघा."

आरशाखाली काळ्या रंगाच्या पुड्या ठेवलेल्या होत्या. खोटं कशाला बोलू, "आजोबा" हा शब्द अजून कानात होता. मी एक पुडी उचलली. उस्तादांनी ती हातातून काढून घेतली. त्यांच्या एका गिऱ्हाइकाचा सगळा चेहरा अशाच पुडीने सुजला होता, डोळे उघडत नव्हते. नावाला काळी मेंदी, पण आत बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, आणि काहींच्या कातडीला ते अजिबात चालत नाही. रंगवायचीच असेल तर पानाची खरी मेंदी, रात्रभर भिजवलेली. ती काळी होत नाही, तांबूस होते.

मक्का विजयाच्या दिवशी हजरत अबू बक्र (रजि.) यांचे वृद्ध वडील अबू कुहाफा (रजि.) यांना प्रेषितांसमोर आणलं गेलं, तेव्हा त्यांचे केस आणि दाढी पांढऱ्या फुलासारखी झाली होती. तो पांढरेपणा बदला, मात्र काळा रंग टाळा, असं प्रेषित (स.) यांनी सांगितल्याचं मुस्लिम शरीफमध्ये आहे. ही हदीस मला आधीपासून माहीत होती. त्या दिवशी मात्र माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. एवढा मोठा दिवस, सगळं शहर ताब्यात आलेलं, आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या दाढीचा विचार करायला सवड होती.

शेवटी तुरटी फिरवली, थोडं झोंबलं. मामूंनी मला पैसे देऊ दिले नाहीत.

जुहरच्या नमाजला मामू मला शेख मेमन स्ट्रीटच्या जामा मस्जिदीत घेऊन गेले. १८०२ साली पूर्ण झालेली ही मस्जिद एका जुन्या तलावावर उभी आहे. तळमजल्यावर पाण्यातून कमानी वर उठतात, पाण्यात मासे फिरतात. बाहेर मेचा उकाडा, कापड बाजाराचा गलका, हातगाड्या, आणि आत पायऱ्या उतरलं की थंड हिरवं पाणी. इतक्या वर्षांत वुजू हजारो वेळा केला, पण दाढीत ओली बोटं घालून खिलाल करायची वेळ कधी आली नव्हती. शाळेत असताना मौलवीसाहेबांनी शिकवलं होतं, पाठ करून घेतलं होतं, आणि मी ते वापराविना तसंच ठेवून दिलं होतं. बोटं हनुवटीखालून वर नेली. कातडीपर्यंत पाणी पोहोचलं तसं गार लागलं. मामू शेजारी बसून तेच करत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

परतताना पदपथावरून शिसवी लाकडाचा एक कंगवा घेतला. प्लास्टिकने केस उभे राहतात, असं मामूंचं म्हणणं. अत्तराच्या दुकानात त्यांनी माझ्यासाठी खस निवडलं. उन्हाळ्यात खस, थंडीत शमामा, हा त्यांचा कायदा. "दाढीला थेट नको लावू, कातडी भाजेल. कपड्याला लाव," हेही सांगितलं. तेल मात्र रोज, वुजूनंतर दाढी जरा ओलसर असताना, साधं खोबरेल, चार थेंब. आपल्या घरात तेच असतं आणि तेच पुरतं.

रात्री स्टेशनवर सोडायला मामू आले. गाडी सुटायला वेळ होता. मी धीर करून म्हणालो, "मामू, जूनमध्ये शाळा उघडेल."

"हां."

"लोक बोलतील."

ते बराच वेळ इंडिकेटरकडे बघत होते. मग म्हणाले, "मला कुणी काही बोललं नव्हतं. मी आधीच काढून टाकली." एवढंच. पुढे पाण्याची बाटली घेतली का ते विचारलं.

शाळा उघडली. पहिल्या दिवशी आठवीतल्या एका मुलाने उभं राहून विचारलं, "सर, तुम्ही नवीन आलात का?" सगळा वर्ग हसला, मी हजेरी घेतली. शिक्षकांच्या खोलीत मौलाना हा शब्द दोन-तीन दिवस फिरला आणि मग बदल्यांची यादी आली तसा मागे पडला. एका पालकाने मात्र मुलाची तुकडी बदलून घेतली. कारण लिहिलं नव्हतं. माझ्यामुळेच असं मी म्हणू शकत नाही, आणि नाही असंही मनाला पटत नाही. तो मुलगा अजून मधल्या सुटीत माझ्याकडून व्याकरणाच्या शंका विचारून जातो.

ओळखपत्रासाठी नवा फोटो काढावा लागला. तो मी मामूंच्या मोबाइलवर पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज आला, मागे मामींच्या भांड्यांचा खडखडाट: "बाजू अजून वाढव. आणि उजव्या गालावर उस्तादने जे सोडलं होतं ते तू का कापलंस? पुढच्या सुटीत ये, दाखवतो."