पहिली गोधडी

भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला, की आमच्याकडे बायकांच्या हाताला जरा उसंत मिळते. अशाच एका दुपारी सून मला म्हणाली, "आई, मला गोधडी शिवायला शिकवाल का?" मला फार बरे वाटले, आणि चाळीस वर्षांपूर्वीची माझी एक चूकही आठवली. ती सांगितली तर नव्याने सुई धरणाऱ्या भगिनींना उपयोगी पडेल, म्हणून हे चार शब्द.

१९७८ साली लग्न होऊन मी अष्टमीला आले. कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहे, दुसऱ्यावर अष्टमी. तेव्हा आमच्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. माझे माहेर सातारकडचे. तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात आणि थंडीसाठी ती चांगली जाड शिवतात. सासूबाई मात्र पातळ शिवत. म्हणत, "इथे चार महिने पाऊस. जाड गोधडी वाळायची कधी?"

दुपारी त्या ओटीवर शिवायला बसल्या की मला हाक मारत, "अगं, बस जरा शेजारी. बघून बघून येतं." मी म्हणायची, "आत्याबाई, बाजारात चांगल्या चादरी मिळतात. कशाला डोळे शिणवता?" आणि मी कामाला निघून जाई.

१९८४ साली त्या गेल्या. मागे त्यांची दोन सुती लुगडी राहिली, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. त्यांची आठवण म्हणून मी त्यातल्या एकाची गोधडी करायला घेतली. सुई कशी धरायची तेही धड ठाऊक नव्हते. शोभेसाठी बाजारातून लाल कापड आणले आणि न भिजवताच कडेला लावले. मजबूत म्हणून नायलॉनचा दोरा घेतला. पहिल्याच धुण्यात लाल रंग सगळीकडे उतरला, नवे कापड आटून कडा गोळा झाल्या आणि त्या दोऱ्याने जुने लुगडे जागोजाग कापले गेले. ते ओले गाठोडे मांडीवर घेऊन मी रडले.

शेजारच्या काकी आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कापड जिवाचं आणि हात कच्चा, एवढंच चुकलं. दुसरं लुगडं पेटीत ठेव. आधी चिंध्यांवर हात बसव."

भगिनींनो, माझे पहिले सांगणे तेच. पहिली गोधडी आईच्या किंवा आजीच्या साडीची करू नका. घरातले जुने धोतर, पंचा, चादर घ्या आणि दोन हात लांब, दीड हात रुंद असे दुपटे शिवा. ते लवकर पुरे होते. मोठ्या गोधडीला हात घातला की पुष्कळदा ती अर्धवट माळ्यावर जाते.

कापड सुतीच घ्या. दोन्ही हातांनी ओढून पाहा. टरकन फाटले तर बाजूला ठेवा. सगळे कापड, नवे असले तरी, गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. रंगाची शंका असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा.

जमीन स्वच्छ पुसून अस्तर अंथरा. कोपऱ्यांवर पाट, वरवंटा असे काही वजन ठेवा. त्यावर आत एक-दोन थर आणि वर चांगले कापड. प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने सपाट करा. मग वीतभर अंतराने लांब कच्चे टाके घाला. हे काम कंटाळवाणे वाटते, पण ते टाळले की खालचा थर सरकून चुण्या पडतात.

कडा आत मुडपून घ्या आणि कडेपासून धावदोरा घालत फेऱ्याफेऱ्याने मधे या. दोरा सुती आणि हातभरच घ्या. लांब दोरा गुंततो. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत एक बोट अंतर. दोरा ताणू नका. अधूनमधून उलटून पाहा, टाका सगळ्या थरांतून गेला आहे ना. शेवटी कच्चे टाके काढून टाका. सुया मोजून घ्या आणि मोजून परत ठेवा. दुपट्यावर बाळ निजणार असते, हे विसरू नका.

टाके वाकडे आले म्हणून उसवत बसू नका. ही जुन्याला जुने जोडून ऊब देणारी कला आहे. बंगालच्या बायका जुन्या साड्यांची कांथा शिवतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्यांची शिलाईही कडेपासून मधे येते आणि कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची 'फुले' लावल्याशिवाय त्यांना ती पुरी वाटत नाही. सफाई सरावाने येते.

दोन वर्षे चिंध्यांवर हात बसवल्यावर मी सासूबाईंचे दुसरे लुगडे काढले. ती गोधडी आजही दर नवरात्राआधी धुते आणि पावसाळा आला की अंगावर घेते. काकींनी शिकवले, पण सासूबाईंच्या शेजारी बसायचे राहूनच गेले. तुमच्या घरात अशी कोणी जाणती असेल तर आज दुपारीच तिच्याजवळ बसा.

सुनेचे पहिले दुपटे परवा पुरे झाले. ओळी नदीसारख्या वळत गेल्या आहेत. मी एकही टाका उसवला नाही. लुगड्याचा हातभर तुकडा पेटीत शिल्लक आहे. तो तिच्या दुसऱ्या गोधडीसाठी.