अर्धी मात्रा

आज लेकीचं औषध अर्ध्यावर आलं. शेवटची फिट येऊन अडीच वर्षं झाली, ईईजीही ठीक आला. डॉक्टर म्हणाले, "आता हळूहळू कमी करू." ज्या दिवसाची इतकी वाट पाहिली, तो आला आणि माझी झोपच उडाली.

व्हॅल्प्रोएटचं सिरप सकाळ-संध्याकाळ मोजून देताना वाटायचं, यानंच तिला सावरून धरलंय. साधारण दोन वर्षं फिट नसली की औषध थांबवायचा विचार करतात. बहुतेक मुलं पुढंही बरी राहतात. तिघाचौघांतल्या एकाला मात्र फिट पुन्हा येते. तो एक कोण, हे आधी नक्की सांगता येत नाही. त्या एका वाक्यावर मी कितीदा अडखळले!

सासूबाई म्हणाल्या, "एवढी बरी आहे, तर एकदम बंद का नाही करत?" त्यांना समजावलं : एकदम थांबवलं तर लागोपाठ फिट येऊ शकतात, ते जिवावर बेतू शकतं. म्हणून महिनोन्‌महिने, थोडं थोडं.

उशाशी, फिट आलीच तर नाकात मारायचा मिडॅझोलमचा स्प्रे आहे. मी तिचा श्वास ऐकत बसलेय. पोहायला एकटीनं नाही, हे तिला सांगून ठेवलंय.

आयांनो, फिटचं औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका.