भाव लक्षात राहतो, कारण विसरतं

सांगली

चि. छकूस,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी मंडईत होतो. तू विचारलंस, "मामा, कोटेशनसाठी सॉफ्टवेअर घ्यायचंय, तीन जण मागं लागलेत, कुठलं घेऊ?" मी "सांगतो" म्हणालो आणि घरी येऊन बसलो, तर उत्तर फोनवर मावेना. म्हणून हे पत्र. आणि ते उघडं लिहितोय, कारण याच कोड्यात अडकलेली पोरंपोरी शाळगाव-बोंबाळेवाडीच्या एमआयडीसीत आहेत, विट्यात आहेत, पलूसला आहेत. त्यांनीही वाचलं तर बरंच.

आधी तुझं दुखणं. शेजारच्या तालुक्यातल्या एका बागाईतदाराने दोन एकर द्राक्षबागेच्या अँगलचा भाव विचारला. तू व्हॉट्सॲपवर एक आकडा टाकलास. तो दोन महिने गप्प. मधल्या काळात लोखंड चढलं आणि गडी मोबाइल पुढे करत दारात हजर: "ताई, हा तुम्हीच दिलेला भाव." भाव किती दिवसांचा, ते त्यात नव्हतं. जीएसटी धरून की वेगळा, वाहतूक कुणाची, काहीच नव्हतं. शब्द पाळायचा म्हणून तू पदरमोड करून माल दिलास. दाजींनी तुझी पाठ थोपटली, ते योग्यच. पण दरवेळी शब्द पाळायला घरातून पैसे घालायचे, तर तुमची वेल्डिंगची शेड किती दिवस चालेल?

तुला माहीत आहे, मी ३१ वर्षं एका साखर कारखान्याच्या खरेदी विभागात काढली. म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. गळीत हंगाम संपला की ऑफ सीझनची दुरुस्ती निघायची आणि इंडेंटचा ढीग पडायचा: चेन, बेअरिंग, पाइप, पत्रा. तीन कोटेशनं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा आणि तो खरेदी समितीपुढे ठेवायचा. ऐकायला सोपं. पण एकाचा भाव त्याच्या दारातला, दुसऱ्याचा आमच्या दारातला, तिसऱ्याचा कराशिवाय. एक आगाऊ पैसे मागतोय, दुसऱ्याला महिन्याने चालतात. हे सगळं एका मापात आणण्यातच माझी निम्मी नोकरी गेली. आणि जो माणूस स्वतःच सगळं स्वच्छ लिहून द्यायचा, त्याचा भाव चार पैसे जास्त असला तरी माझं मन त्याच्याकडे झुकायचं. कारण साहेबांनी उलटं विचारलं, तर माझ्याकडे उत्तर असायचं.

तेव्हा पहिली कसोटी ही. सॉफ्टवेअरमधून निघालेलं कोटेशन वाचून गिऱ्हाइकाला फोन करून काही विचारावं लागलं, तर ते सॉफ्टवेअर बिनकामाचं.

आता मोलभावाकडे येऊ. आपल्या भागात भाव ठरवायच्या तीन रीती मी आयुष्यभर पाहिल्या. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात धरून बोटं दाबतात. खिलार खोंड सगळ्यांसमोर उभा असतो, पण आकडा दोघांतच राहतो. दुसरी रीत सांगलीच्या हळदीच्या सौद्यातली. राजापुरीचा ढीग उघडा, बोली उघडी, सगळ्यांच्या कानावर. तिसरी आमच्या कारखान्याची: बंद पाकीट. सगळ्यांची पाकिटं एकाच दिवशी, एकाच वेळी फुटणार.

इंटरनेटवर चौथी रीत अजून कुणी शोधलेली नाही. तुझ्याकडे आलेले तिघं जे विकतायत ते याच तीन रीतींपैकी काहीतरी आहे, फक्त नावं नवी. तुझ्या वेबसाइटवर 'भाव विचारा' असं बटण बसवलंस, म्हणजे तो रुमाल झाला. सरकारी खरेदीचं जेम पोर्टल २०१६ साली आलं. तिथे पाकीटही आहे आणि उलटा लिलावही, म्हणजे बोली चढायच्या ऐवजी उतरत जाते. महाराष्ट्र शासनाची ई-निविदा म्हणजे पाकीटच, तांत्रिक वेगळं आणि दराचं वेगळं. आणि इंडियामार्टसारखी ठिकाणं म्हणजे बाजारातला दलाल. इंडियामार्ट तर १९९६ पासून हेच काम करतंय. अशी ठिकाणं गिऱ्हाईक आणून देतात, पण तेच गिऱ्हाईक आणखी चार जणांच्या दारातही नेऊन उभं करतात. यात फसवणूक नाही, दलालीचा तो स्वभावच आहे. फक्त तिथून आलेल्या चौकशीला संध्याकाळी उत्तर देऊन चालत नाही, हे ध्यानात ठेव.

म्हणून आधी ठरव की तुझा माल कुठल्या रीतीचा आहे. ग्रामपंचायतीला बाकडी द्यायची असतील तर पाकीट. ठरावीक मापाचा अँगल किलोवर विकायचा असेल तर भाव उघडा लिहून टाक, विचारायलाच लावू नकोस. आणि उसाची ट्रॉली, शेडचा सांगाडा, जिन्याचं रेलिंग, जिथे प्रत्येकाचं माप वेगळं, तिथे रुमाल. तुझं खरं काम या तिसऱ्या मालात आहे आणि सॉफ्टवेअरची गरजही तिथेच.

मग त्यात काय असावं? प्रत्येक कोटेशनला नंबर, तारीख आणि मुदत. मुदत संपली की त्यावर आपोआप तसा शिक्का पडला पाहिजे. भाव बदललास तर जुनं पुसून नवं होता कामा नये. पहिलं, दुसरं, तिसरं अशी सगळी शिल्लक राहिली पाहिजेत. गिऱ्हाइकाने पाठवलेला हाताने काढलेला नकाशा, जागेचा फोटो, सगळं त्याच्याच खात्याला चिकटलेलं असावं. 'हो' आलं की त्याच कागदाची ऑर्डर व्हावी आणि ऑर्डरचं बिल. तीच मापं तीनदा टंकायला लागली की चूक होतेच. लोखंडाचा खरेदीभाव तुला आणि दाजींना दिसावा, वेल्डिंगच्या पोराला नको. आणि एक बारीक गोष्ट: पीडीएफ काढून बघ. मराठी जोडाक्षरं तुटून 'ट्रॉली'ची काहीतरी भलतीच भाजी झाली तर पहिल्याच नजरेत पत गेली.

यातलं पुष्कळसं देणारी सॉफ्टवेअरं आहेत. मुंबईत जन्मलेलं ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोताचं आहे, म्हणजे परवान्याचे पैसे नाहीत. मात्र ते चालवायला सर्व्हर आणि जाणता माणूस लागतो, त्याचे पैसे लागतातच. झोहो चेन्नईचं, त्याची बहुतेक सॉफ्टवेअरं भाड्याने घ्यावी लागतात. वेबसाइट वर्डप्रेसवर असेल तर वूकॉमर्सला 'भाव विचारा'ची जोड लावता येते. छोट्या कामाला ती पुरते, पण तिथे मागच्या वर्षीचा हिशोब शोधायला गेलीस तर दमशील. तुझा हिशोब टॅलीत आहे. म्हणून प्रत्येकाला एकच विचार: ऑर्डरचे आकडे टॅलीत कसे जाणार? "जातील की" हे उत्तर नव्हे. समोर बसवून करून दाखवायला सांग.

ईआरपीनेक्स्टमध्ये मला एक गोष्ट फार आवडली. गेलेलं कोटेशन 'गमावलं' म्हणून नोंदवताना तिथे कारण लिहिता येतं. भाव जास्त, उशीर झाला, दुसरीकडे उधारी मिळाली. वर्षाच्या शेवटी ही कारणं एकाखाली एक वाचलीस तर कदाचित कळेल की भावामुळे तू हरतच नव्हतीस, हरत होतीस ती चार दिवसांनी उत्तर दिल्यामुळे.

या कारणाच्या रकान्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसलो. भाव सगळ्यांच्या लक्षात राहतो, कारण विसरतं. गिऱ्हाईक सांगतं, "मागच्या वेळी पाच टक्के सोडले होते." बरोबर असतं त्याचं. पण ते रोखीमुळे सोडले होते, की चार ट्रॉल्या एकदम घेतल्या म्हणून, की पावसाळ्यात हाताला काम नव्हतं म्हणून? ते त्याला आठवत नाही आणि तुलाही आठवत नाही. मग ती सूट त्याचा हक्क होऊन बसते. मुंबईच्या दुकानदाराला एका गिऱ्हाइकाचा भाव दुसऱ्याला कळायची भीती कमी. तुझं तसं नाही. कडेगावात सकाळी दिलेली सूट दुपारी चहाच्या गाड्यावर पोचते आणि संध्याकाळी चौघं दारात येतात. त्यांना तोंड द्यायला 'रोख दिले म्हणून' एवढं एक वाक्य जवळ असलं तर कुणाचाही रोष येत नाही. कारण नसलेली सूट मात्र वैर विकत घेते.

म्हणूनच त्या तिसऱ्या माणसाने दाखवलेलं यंत्र मला खटकलं. गिऱ्हाइकाने आपला भाव टाकायचा, यंत्र आतल्या आत तुझ्या किमान भावाशी ताडून पाहणार आणि 'हो' म्हणणार, नाहीतर मधला आकडा सुचवणार. रात्री दोन वाजताही मोलभाव चालू! किलोवर विकायच्या मालाला हे एक वेळ चालेल. पण गिऱ्हाईक हुशार असतं. चार वेगवेगळ्या नावांनी येऊन एक एक रुपया खाली सरकत ते तुझा तळ शोधून काढेल. आणि ज्याला तळ कळला, तो वरच्या पायरीवर परत येत नाही. ट्रॉलीचा भाव सोडायचा की नाही, हे तूच ठरव. यंत्राने फक्त आठवण करून द्यावी: याला मागे कितीला दिलं, का दिलं, आज लोखंड काय भावाने आहे.

कोटेशनवर आणखी एक ओळ कायमची छापून घे, तुझा उद्यम नोंदणी क्रमांक. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे तुझ्यासारख्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात; करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यातही भर पडली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वेळेत न देणाऱ्या व्यापाऱ्याला किंवा कंपनीला तो खर्च ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले, त्याच वर्षीच्या हिशोबात वजा करता येतो. म्हणजे मोलभावात पैशाइतकीच तारीखही मोलाची. "दोन टक्के सोडते, पण तीस दिवसांत पैसे" हे म्हणता आलं पाहिजे आणि ते कागदावर उतरलं पाहिजे.

तू म्हणशील, मामा, एवढ्याशा शेडला एवढा पसारा कशाला? पलीकडे किर्लोस्करवाडी बघ. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे माळावर कारखाना काढला, तेव्हा नांगर घेणारा शेतकरी कुठे आणि ती वाडी कुठे! १९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. पुढे तिचं मोठं मासिक झालं, पण सुरुवात कारखान्याच्या घरच्या पत्रिकेची. लांबच्या माणसाशी बोलत राहायचं साधन त्यांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतः घडवलं. ताकारी आणि टेंभूचं पाणी आलं, ऊस वाढला, बागा वाढल्या, तशी तुझी गिऱ्हाइकंही आता पंचक्रोशीबाहेरून येतात. त्यांना दाजींचा चेहरा माहीत नाही. त्यांच्यासाठी तुझा चेहरा म्हणजे तुझं कोटेशन.

पण घाई नको. आपल्या कडेगावच्या मोहरमच्या ताबुतांची रीत तुला ठाऊक आहे, आधी कळस बांधतात आणि मग खाली पाया. हिंदू-मुसलमान सगळ्यांच्या हातांना पिढ्यान् पिढ्या ती मापं पाठ आहेत, म्हणून ते गगनाला भिडलेले ताबूत भेटीच्या वेळी डौलात उभे राहतात. सॉफ्टवेअरची मापं आपल्या हातात अजून बसलेली नाहीत. तिथे पायापासूनच सुरुवात कर. व्हॉट्सॲपवरच्या गेल्या महिन्यातल्या दहा चौकशा काढ. तिघांकडून पंधरा दिवसांची फुकट चाचणी माग आणि त्याच दहा चौकशा तिन्हीकडे चालवून बघ. शेडमध्ये, हाताला ग्रीस लागलेलं असताना, रेंज कमी असलेल्या मोबाइलवर. दहाव्या चौकशीचं कोटेशन पाच मिनिटांत निघालं नाही, तर त्याला नमस्कार. आणि निघताना विचार, "उद्या तुम्हाला सोडलं तर माझी सगळी माहिती एक्सेलमध्ये मला परत मिळेल का?" तिथे जो अडखळला, त्याच्याकडून घेऊ नकोस.

चाचणीच्या वेळी दाजींना शेजारी बसव. ते कुरकुरतील. पण शेडच्या आतल्या पत्र्यावर त्यांनी खडूने काय लिहून ठेवलंय ते तू कधी नीट वाचलंयस का? मी दिवाळीला आलो होतो तेव्हा वाचलं. नाव, आकडा आणि पुढे बारीक अक्षरात: 'रोख', 'गाडी त्याची', 'लोखंड उतरलंय', एका ठिकाणी 'पोरीचं लग्न'. तू जे विकत घ्यायला निघालीस ते दाजींनी कधीच बनवलंय; फक्त त्याची पीडीएफ निघत नाही. शेडला रंग द्यायच्या आधी त्या पत्र्याचे फोटो काढ. सॉफ्टवेअरवाल्याला दाखव आणि सांग, मला हे पाहिजे.

नवीन सॉफ्टवेअरमधून पहिलं कोटेशन मला पाठव. घराचं फाटक गंजलंय, नवं करायचंय. माप सोबत लिहिलंय. मी घासाघीस करणार, सवयच आहे. तू सूट दिलीस तर कारणाच्या रकान्यात सरळ 'मामा' असं लिही. म्हणजे पुढच्या वर्षी आणखी कुणी तोच भाव मागत आला, तर त्याला तो रकाना दाखवता येईल. लिहून ठेवलं नाहीस, तर मात्र सगळं गाव मिळून तुझाच मामा करेल.

ताईला नमस्कार, दाजींना रामराम.

तुझा,
मामा