आधी त्यांना विचारा

त्यांच्या परवानगीनेच हे लिहितो. सत्तरीच्या एक आजी लघवीची जळजळ आणि थंडीताप घेऊन दवाखान्यात आल्या. पाणी पिणे त्यांनी जवळजवळ सोडलेच होते. कारण विचारले, तर गप्प. मुलाला बाहेर बसायला सांगितले, तेव्हा हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, शिंक आली तरी कपडे ओले होतात. मागचा कागद याने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. लग्नात व्याह्यांनीसुद्धा चौकशी केली हो!"

मुलाचा हेतू चांगलाच होता. चूक माझीही होती. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाचे गुपित राखणे माझे कर्तव्य. तरी आजींना न विचारता तो कागद मीच मुलाच्या मोबाइलवर पाठवला होता.

म्हणून विनंती, रिपोर्ट कुणाला दाखवायचा हे आधी आजारी माणसालाच विचारा. आणि ज्येष्ठांनो, या त्रासापायी पाणी तोडू नका. त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामाने अनेकींना आराम पडतो. डॉक्टरांशी एकांतात बोलण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आजींचे रिपोर्ट आता मी पाकिटात घालून त्यांच्याच हाती देतो.