लोणारचा गुलाबी नेमका कुठला?

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्याचा बोलबाला झाला. पाणी आटून खारटपणा वाढला, त्यात हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव वाढले आणि हा त्यांचा रंग, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं. तरी "फोटोशॉप केलंय" म्हणणारे पैशाला पासरी होते! अशा वेळी फोटोत रंग जरा चढला की त्यांचंच खरं ठरतं.

आणि माझा मॉनिटर टीएन पॅनलचा. मान वर केली की तळं फिकट, खाली केली की वांगी.. एडिटिंग काय डोंबल करणार?

मग नवीन घेतला. दुकानदार फोर-के, १४४ हर्ट्झ असं बरंच ऐकवत होता. मी दोनच गोष्टी धरून बसलो: आयपीएस पॅनल आणि एसआरजीबीचं जवळपास १०० टक्के कव्हरेज. मोबाईल, वेब, बहुतेक लॅब त्यातच चालतात, मग अ‍ॅडोबी आरजीबीचे जादा पैसे कशाला? डब्यावर ७२ टक्के एनटीएससी असेल तर तो साधारण एसआरजीबीएवढाच. ४५ टक्केवाल्याच्या वाटेला जाऊ नका.

उरलेल्या पैशांत रंग मोजणारा कॅलिब्रेटर आला. ब्राइटनेस १२० नीटवर आणला. आता तळं मळकट, विटकरीकडे झुकलेलं दिसतं. काठावरून दिसलं होतं तसंच.

खोलीची पोपटी भिंत मात्र डोळ्यांना फसवते. दिवाळीला पांढरी करायची परवानगी घरात मागितली आहे. बघू!