बर्फावरच्या एका जुन्या गाडीचा जीर्णोद्धार

मनुष्यास उदरनिर्वाहाच्या उद्योगाखेरीज एखादा छंद असावा, असें वडीलधारे सांगत आले आहेत. पण तो छंद प्रत्यक्ष घरांत शिरला कीं, त्याच वडीलधाऱ्यांच्या तोंडून प्रश्न निघतो, "याचा उपयोग काय?" पोस्टाचीं तिकिटें जमविणाऱ्या मुलास व मोडकें घड्याळ उघडून बसणाऱ्या मुलीस हा प्रश्न कधीं ना कधीं ऐकावा लागतो, आणि बहुधा त्यांस उत्तर सुचत नाहीं. गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरीं हाच प्रश्न एका जुनाट यंत्रावरून निघाला. त्याचें उत्तर शोधण्यांत पांच महिने गेले. ती हकीकत आमच्या जुन्या शाळेंतील बालमित्रांस व त्यांच्या आईबापांस सांगावी, म्हणून हा लेख.

आम्ही सध्यां कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतांत, शेरब्रुक शहराजवळच्या एका खेड्यांत, सहकुटुंब राहतों. येथें डिसेंबरपासून मार्चपर्यंत जमीन बर्फाखालीं असते. ताजें बर्फ पिंजलेल्या कापसासारखें भुसभुशीत असतें. त्यांत चाक रुततें व माणूस मांडीपर्यंत बुडतो. आपल्याकडे भाताच्या खाचरांतील चिखलावर फळी टाकून तिच्यावर उभें राहिलें म्हणजे पाय फारसा रुतत नाहीं, कारण अंगाचा भार फळीभर पसरतो. याच तत्त्वावर बर्फावरची गाडी, म्हणजे स्नोमोबील, चालते. तिला पुढें फळ्यांसारख्या दोन पट्ट्या असतात. त्यांस स्की म्हणतात. हातांतील दांडीनें त्या डावीउजवीकडे वळवितां येतात. मागें चाकांऐवजीं रबराचा एक रुंद, अखंड पट्टा असतो. एंजिन तो फिरवितें, आणि गाडी बर्फावरून धांवूं लागते. या प्रांताची भाषा फ्रेंच. फ्रेंचांत या गाडीस 'मोटोनेज' म्हणतात. पण खेड्यांतील वृद्ध माणसें ती कोणत्याही कारखान्याची असो, तिला सरसकट 'स्की-डू' असेंच म्हणतात.

या नांवामागें एक इतिहास आहे, आणि तो आमच्या घराजवळच घडलेला आहे. व्हालकूर या गांवीं १९०७ सालीं जोझेफ-आर्मां बोंबार्डिये यांचा जन्म झाला. लहानपणापासून त्यांस यंत्रें उघडण्याचा नाद. बापानें त्यांस खेळावयास फोर्ड मोटारीचें एक जुनें एंजिन दिलें. पंधरा वर्षांच्या या मुलानें १९२२ सालच्या अखेरीस तें एका घसरगाडीवर बसविलें, मागें विमानासारखा लांकडी पंखा लाविला, आणि भावास बरोबर घेऊन गांवांतून फेरी मारली. उघडा पंखा गरगरत असलेला पाहून बाप घाबरला व त्यानें तें यंत्र तत्काळ मोडावयास लाविलें. परंतु मुलाची आवड मात्र त्यानें मोडली नाहीं. पुढें त्यास गांवांत स्वतःचें गॅरेज उघडण्यास त्याच बापानें हातभार लाविला.

१९३४ सालच्या हिवाळ्यांत बोंबार्डिये यांचा दोन वर्षांचा मुलगा आंत्रपुच्छाच्या विकारानें आजारी पडला. रस्ते बर्फानें बंद झालेले, आणि बर्फावर चालणारी गाडी अद्याप प्रयोगावस्थेंत. मुलास इस्पितळांत नेतां आलें नाहीं व तो दगावला. त्या बापानें आपलें काम सोडलें नाहीं. दांत्यांच्या चाकानें फिरणाऱ्या पट्ट्याची युक्ति त्यानें सिद्ध केली, १९३७ सालीं तिचें पेटंट मिळविलें, आणि सात माणसें बसतील अशा बंद हिमगाड्या बनविल्या. हिवाळ्यांत डॉक्टर, टपाल व शाळेचीं मुलें अशा गाड्यांतून जाऊं येऊं लागलीं. १९४८ सालीं क्वेबेक सरकारनें रस्त्यांवरील बर्फ दूर करण्याचा कायदा केला, तेव्हां या मोठ्या गाड्यांचें काम कमी झालें. मग १९५९ सालीं एकदोन माणसांची लहान गाडी निघाली. तिच्या पहिल्या नमुन्यांपैकीं एक ओंटारियो प्रांताच्या उत्तर भागांतील मॉरिस विमे या मिशनरी मित्राकडे धाडण्यांत आला. तेथें तोंपर्यंत कुत्र्यांच्या गाडीवरूनच प्रवास करावा लागे. कुत्र्याची जागा घेणारी म्हणून तिचें नांव 'स्की-डॉग' ठेवावयाचें होतें, पण अक्षराच्या एका चुकीमुळें तें 'स्की-डू' झालें व तसेंच राहिलें, असें सांगतात. पुढें १९६८ सालच्या एप्रिलांत राल्फ प्लेस्टेड व त्यांचे सोबती अशाच लहान गाड्यांवर बसून उत्तर ध्रुवापर्यंत पोंचले.

आमच्या शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या कोठारांत १९७० सालची अशी एक पिंवळी गाडी गवताच्या भाऱ्यांमागें पडून होती. आमची कन्या तेरा वर्षांची. मायदेशाहून येऊन तिला दोन वर्षें झालीं होतीं; पण परकी भाषा, परकी शाळा, यामुळें ती घुमी झाली होती. वर्गांत विचारल्याखेरीज ती बोलत नसे, आणि घरीं विचारलें तरी फारसें बोलत नसे. ऑक्टोबरांत ती त्या कोठारांत मांजराचीं पिलें पाहावयास गेली, आणि परत येऊन तिनें एकदम विचारलें, "बाबा, ती गाडी आपण चालू करूं या का?" म्हाताऱ्यानें गाडी आनंदानें दिली. आमच्या सौभाग्यवतींनीं मात्र तो अंगणांत आलेला गंज पाहून वर सांगितलेलाच प्रश्न विचारला. आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. म्हणून आम्ही पाने व हातोडी शोधावयास लागलों.

झांकण उघडतांच उंदरांचें घरटें सांपडलें. बैठकीचा फोम कुरतडून त्यांनीं तें विणलें होतें. तेल मुरलेल्या नळ्या लांकडासारख्या कडक झाल्या होत्या. कारब्युरेटरांत पेट्रोल आटून त्याचा डिंक झाला होता. सर्वांत कठीण म्हणजे सिलिंडरांतील दट्ट्या गंजून जागच्या जागीं बसला होता. सुरू करावयाची दोरी ओढावी तर ती भिंतीस बांधल्यासारखी घट्ट. अशा वेळीं जोर करूं नये, नाहींतर आंतील भाग तुटतो. आम्हीं ठिणगीचा प्लग काढून त्या भोंकांतून गंज सोडविणारें तेल ओतलें आणि वाट पाहूं लागलों. मुलीनें फिरत्या चक्रावर खडूची एक रेघ ओढली, तिच्यासमोर चौकटीवर दुसरी. रोज शाळेंतून आल्यावर ती चक्रास हलका हात देई व रेघा पाही. आठ दिवस रेघा समोरासमोर राहिल्या. नवव्या दिवशीं त्यांमध्यें बोटभर अंतर पडलें. त्या संध्याकाळीं जेवतांना ती जितकें बोलली, तितकें मागल्या महिन्यांतही बोलली नव्हती.

मग एकेक भाग सुटूं लागला. काढलेला प्रत्येक स्क्रू तिनें जुन्या मुरंब्याच्या बरण्यांत घालून वर चिठ्ठी लाविली. चक्राखालीं ठिणगी पाडणारे दोन लहान संपर्कबिंदु असतात. त्यांवर काट चढला होता. तो बारीक कागदानें घासून, मधलें अंतर पट्टीनें मोजून बसविलें, दिवा मालविला, आणि चक्र फिरविलें. अंधारांत निळी ठिणगी दिसली. कारब्युरेटरांतील पातळ पडदा आणि सर्व नळ्या नवीन घातल्या. सौभाग्यवती एकदां चहा घेऊन गॅरेजांत आल्या, कुरतडलेली बैठक पाहून कांहीं न बोलतां तिचें माप घेऊन गेल्या, व चार दिवसांनीं आपल्या शिवणयंत्रावर शिवलेलें काळें आवरण त्यांनीं आणून दिलें.

या गाडींत वेग बदलण्याची जी योजना आहे, ती आम्हांस फार आवडली. मोटारीसारखे गिअर येथें नाहींत. दोन चाकें व त्यांमधून जाणारा एक पट्टा एवढेंच. पुढच्या चाकाच्या दोन थाळ्या असून त्यांपाशीं लहान वजनें बसविलेलीं असतात. गोफण जितक्या जोरानें फिरवावी, तितका दगड बाहेर ओढ घेतो. तसेंच एंजिन जलद फिरूं लागलें म्हणजे हीं वजनें बाहेर झुकतात आणि थाळ्या जवळ येतात. त्यामुळें पट्टा चाकाच्या कडेकडे चढतो व गाडीचा वेग आपोआप वाढतो. शाळेंत केंद्रोत्सारी बळ शिकतांना आमच्या मुलीस तें एक सूत्र वाटलें होतें. येथें तिनें तीं वजनें हातानें हलवून पाहिलीं, आणि सूत्रास अर्थ आला.

भागांचीं नांवें व जुन्या युक्त्या विचारावयास ती रोज म्हाताऱ्याकडे जाऊं लागली. त्याला फ्रेंचखेरीज भाषा येत नाहीं. प्रथम ती हातवाऱ्यांनीं बोले, मग मोडक्या वाक्यांनीं, आणि नाताळापर्यंत ती त्याच्याशीं वाद घालूं लागली. पुढें आम्ही व तो बोलत असलों तर दुभाषाचें काम तीच करी.

जानेवारींत रंगाची पाळी आली. गाडीच्या झांकणास पुढच्या बाजूस तळहाताएवढा खोल पोंचा होता व तेथें तडा गेला होता. मुलीनें तो भरून काढावयाचा लगदा आणि नवा पिंवळा रंग आणून ठेविला होता. तिला गाडी दुकानांतल्यासारखी करावयाची होती. त्या दिवशीं म्हातारा काम पाहावयास आला. त्यानें त्या पोंच्यावर अंगठा ठेविला आणि तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानें जें सांगितलें, तें असें.

१९७१ सालच्या मार्चच्या ४ तारखेस माँट्रियल शहरांत जें हिमवादळ झालें, त्यास तेथील लोक अद्यापि 'शतकाचें वादळ' म्हणतात. सुमारें ४३ सेंटिमीटर बर्फ पडलें, व वाऱ्यानें त्याचे ढीग घरांच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत चढविले. मोटारी जागच्या जागीं गाडल्या गेल्या. डॉक्टर व परिचारिका यांस इस्पितळांत पोंचविण्यास स्नोमोबीलच उपयोगीं पडल्या. हा म्हातारा व त्याचा थोरला भाऊ तेव्हां त्या शहराच्या उपनगरांत राहत. भावानें ही गाडी काढली आणि दिवसभर परिचारिकांची नेआण केली. रात्रीं एका फेरींत गाडी बर्फाखालीं दडलेल्या मोटारीच्या टपावर आदळली. परिचारिका सुखरूप उतरली व पुढें पायीं गेली. झांकणास मात्र हा पोंचा पडला. भाऊ आतां हयात नाहीं. "पोंचा बुजवूं नका," असें म्हातारा म्हणाला नाहीं. गाडी तुमची, तुम्हांस योग्य वाटेल तें करा, एवढेंच म्हणाला व घरीं गेला.

आमच्या मुलीनें तें सर्व आम्हांस मराठींत सांगितलें. सांगतां सांगतां ती थांबली. मग तिनें लगद्याच्या डब्याचें झांकण पुन्हां घट्ट बसविलें. तड्याची वाढ थांबावी म्हणून आम्हीं आंतल्या बाजूनें एक पातळ ठिगळ चिकटविलें. बाहेरून धुतलें, पुसलें, आणि पोंचा तसाच ठेविला. झांकणास नवा रंगही दिला नाहीं.

जुन्या वस्तूची दुरुस्ती दोन प्रकारें होते, हें आम्हांस तेव्हां स्पष्ट दिसलें. जें गंजलें, आटलें, कुरतडलें गेलें, तें काळानें केलेलें नुकसान होय. तें दूर केल्यावांचून यंत्र चालत नाहीं. परंतु कांहीं खुणा माणसांच्या हातून झालेल्या असतात, आणि त्या पुसल्या तर यंत्र नवें होतें पण मुकें होतें. कोणती खूण पुसावी व कोणती राखावी, हें कोणत्याही पुस्तकांत लिहिलेलें नसतें. तें विचारावयास माणसांकडे जावें लागतें, आणि तीं माणसें असेपर्यंतच जावें लागतें.

फेब्रुवारीच्या एका रविवारीं गाडी अंगणांत काढली. बंद जागेंत एंजिन चालविणें प्राणघातक असतें, हें बालमित्रांनीं कायमचें लक्षांत ठेवावें. त्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो. तेल मिसळलेलें पेट्रोल भरलें. मुलीनें दोरी ओढली. तीनदां कांहीं झालें नाहीं. चौथ्यांदा एंजिन खोकलें, निळसर धूर निघाला, आणि फटफट आवाज सुरू झाला. म्हातारा कुंपणापाशीं उभा होता. तो जवळ आला, बैठकीवर बसला, आणि आपल्याच शेतांतून हळू हळू एक फेरी मारून परत आला. उतरल्यावर तो आमच्या मुलीस दोनच शब्द बोलला. तिनें भाषांतर केलें, "तोच आवाज."

आतांच्या गाड्या हिच्याहून कमी धूर करितात, कमी गोंगाट करितात व अधिक वेगानें जातात. आमची गाडी वर्षांतून चारपांच वेळां बाहेर निघेल. तिच्या चालण्यानें कोणाचें कांहीं अडत नाहीं, हें खरें. परंतु उपयोगाचा प्रश्न आमच्या घरांत पुन्हां निघालेला नाहीं. व्हालकूरच्या त्या बापास तरी जुनें एंजिन मुलाच्या हातीं देतांना त्याचा उपयोग कोठें ठाऊक होता?

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्या गांवीं बर्फ नाहीं. पण माळ्यावर आजोबांची सायकल असेल, आजीचें शिवणयंत्र असेल, न चालणारें भिंतीवरचें घड्याळ असेल. वडिलांची परवानगी घेऊन तें खालीं काढा. काढलेला प्रत्येक स्क्रू जपून ठेवा. आणि त्यावर एखादा ओरखडा दिसला, तर घासावयास बसण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वृद्ध माणसास तो कसा पडला तें विचारा.